टर्बोच्या गाडीचा निळा धूर : दोष कोणाचा, खर्च कोणाचा?

आमचा धंदा कापडाचा. इचलकरंजीच्या पेठेतून माल उचलायचा आणि वारणानगर-कोडोली परिसरातल्या गिऱ्हाइकाला विकायचा, हा आमचा तीस वर्षांचा रिवाज. इंजिन हा आमचा विषय नव्हे. पण गेल्या लगीनसराईच्या तोंडावर आमच्या गाडीने असा काही धूर सोडला की त्या धुरात आमचे पैसे, आमची झोप आणि एका होतकरू कारागिराची अब्रू, तिन्ही एकदम जाण्याची वेळ आली. व्यापारी बांधवांपैकी अनेकांकडे आज टर्बोची डिझेल गाडी आहे आणि आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजच्या कामात आहेत. दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव जसा घडला तसा मांडत आहोत.

गाडी सात सीटची, डिझेलची, टर्बो बसवलेली. सव्वादोन लाख किलोमीटर झाले तेव्हा ऑइल खाऊ लागली, चढाला ओढेना. मिस्त्रींनी सांगितले, "चाचा, आता इंजिन उतरवावंच लागेल." हे मिस्त्री आमच्या माहितीतले. लहानपणापासून गॅरेजात वाढलेले, आणि वर्षापूर्वीच स्वतःचे शेड टाकलेले. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचे काम असे सारे मिळून एक लाखावर खर्च आला. टर्बो जुनाच ठेवला, कारण तो ठीक होता.

पहिले तीनशे किलोमीटर गाडी झकास चालली. थोडा धूर होता, पण मिस्त्री म्हणाले, "नवीन काम आहे, जाईल." पुढे तो जाण्याऐवजी वाढला. इचलकरंजीत गठ्ठे भरेपर्यंत गाडी चालू ठेवली होती. निघताना ॲक्सिलेटर दिला आणि मागे निळ्या धुराचा असा लोट उठला की शेजारचा हमाल खोकत बाजूला झाला. वडगावपर्यंत गाडी पुन्हा साफ. कोडोलीत दहा मिनिटे चालू उभी राहिली, की पुन्हा तोच लोट.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, रिंगा बसल्या नाहीत, इंजिन परत खोला. दुसरा म्हणाला, टर्बो गेला, तीस-पस्तीस हजारांचा नवीन घाला. तिसऱ्याने कानात सांगितले की मिस्त्रींनी डुप्लिकेट रिंगा टाकल्या असतील. आम्ही या तिसऱ्याचे ऐकले. केवळ ऐकले नाही, तर चहाच्या टपरीवर चार माणसांत बोलूनही दाखवले. ही आमची चूक. तिच्याविषयी शेवटी सांगू.

धूर तीन रंगांचा

वारणेच्या काठी राहणाऱ्याला धूर नवा नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला साखर कारखाना हंगामात सुरू झाला की त्याच्या धुराड्याकडे पाहून बॉयलरवरचा जुना माणूस सांगतो, भट्टीला हवा कमी पडतेय की चिपाड ओले आहे. इंजिनचेही तसेच. सायलेन्सर हे त्याचे धुराडे आहे, आणि डिझेल गाडीचा धूर मुख्यतः तीन रंगांत बोलतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढाला काळा ओकतो तो याच कारणाने. टर्बोच्या गाडीत काळा धूर दिसला आणि ओढही कमी झाली, तर आधी एअर फिल्टर पाहावा आणि मग टर्बोपासून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होज पाइप. एखादा पाइप फाटलेला किंवा क्लिप ढिली असेल तर टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटते. शंभर रुपयांच्या क्लिपसाठी लोक नोझल आणि पंपाचे काम काढतात, असे आम्ही आता डोळ्यांनी पाहिले आहे. नोझल गळत असणे, ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहणे ही कारणे त्यानंतर येतात.

पांढऱ्या धुराची दोन रूपे. डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. टायमिंग चुकले असेल, नोझल बिघडले असेल, ग्लो प्लग काम करत नसतील किंवा कॉम्प्रेशन कमी असेल. दुसरा धूर वाफेसारखा, दाट, गाडी गरम झाली तरी न थांबणारा. त्याच्यासोबत रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडची तड पाहावी. थंडीच्या सकाळी पहिली पाच मिनिटे थोडी वाफ येते, तिचे भय बाळगू नये. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. हात-तोंड भाजल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. आमचा धूर हाच होता. एवढे सर्वांना कळले होते. पण ऑइल जळते आहे हे कळणे वेगळे आणि ते कोणत्या वाटेने येते आहे हे कळणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच शोधले नव्हते, आणि खर्च मात्र सगळे सांगत होते.

टर्बोत ऑइल कसे फिरते?

टर्बो ही नवी चीज नव्हे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ साली त्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. जहाजे, रेल्वे, ट्रक असा प्रवास करून १९६२ साली तो अमेरिकेत पेट्रोलच्या मोटारीत आला आणि १९७८ साली मर्सिडीजने टर्बो डिझेल मोटार बाजारात आणली. आज आपल्याकडे डिझेलची मोटार बहुधा टर्बोचीच असते.

काम साधे आहे. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम वायू एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल वरून पंपाच्या दाबाने येते, दांड्याभोवती फिरते आणि खालच्या जाड नळीतून केवळ स्वतःच्या वजनाने इंजिनच्या चेंबरमध्ये परत पडते. परतीच्या नळीत दाब नसतो. म्हणूनच ती जाड असते आणि शक्य तितकी सरळ उतरती ठेवलेली असते.

दांड्याच्या दोन्ही टोकांना जे सील असते ते रबराचे नसते. पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी रिंग असते ती. गाडी जोरात असते तेव्हा दोन्ही पंख्यांकडच्या वायूचा दाब ऑइलला आत ढकलून ठेवतो. गाडी उभी आणि स्लो चालू असली की हा दाब अगदी कमी होतो. अशा वेळी परतीची वाट अर्धवट बंद असेल तर ऑइल तुंबते, सीलवरून चढते आणि सायलेन्सरकडे किंवा हवेच्या पाइपात उतरते. मग ॲक्सिलेटर दिला की साठलेले सगळे जळून निळा लोट उठतो. म्हणजे टर्बो अगदी चांगला असूनही धूर निघू शकतो. ही गोष्ट ज्याला माहीत नाही तो चांगला टर्बो भंगारात टाकतो, आणि नवीन बसवल्यावरही धूर तसाच राहतो.

उस्तादांची तपासणी

कोल्हापूर ही इंजिनवाल्यांची नगरी. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामापासून मशिनिंगपर्यंतची कामे होतात. तिथे अख्खी उमर घालवलेले एक उस्ताद आता घरीच असतात. आमच्या मिस्त्रींनी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेले. जुम्म्याच्या नमाजीनंतर आम्ही दोघे गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटेत आम्ही दोघे एकमेकांशी फारसे बोललो नाही.

उस्तादांनी बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. धूर सकाळी पहिल्या स्टार्टला की नंतर? चढाला सतत की क्षणभर? उभी ठेवल्यावर की धावताना? ऑइल किती किलोमीटरला किती घातले? काडीवर पातळी जास्त तर नाही ना?

या प्रश्नांचा अर्थ त्यांनी नंतर समजावला. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा भपका सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्हचे सील पाहावेत. चढाला, ओझ्याखाली सतत निळा धूर आणि ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तिथून भकभक वाफा येत असतील, तर रिंगा-लायनर. बराच वेळ उभी ठेवून मग ॲक्सिलेटर दिल्यावर लोट येत असेल, तर टर्बो किंवा त्याची परतीची नळी. अर्थात ही खूण आहे, पुरावा नव्हे. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले असले किंवा ब्रीदरची नळी तुंबली असली तरी चेंबरमध्ये दाब वाढून असाच धूर निघतो. म्हणून फुकटच्या गोष्टी आधी तपासायच्या.

आमची ऑइलची पातळी बरोबर होती. ब्रीदर मोकळा होता. झाकण काढले तर वाफ अगदी मामुली. कॉम्प्रेशन घेतले; चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. उस्ताद म्हणाले, "नुसत्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघायचा. एक कमी असता तर त्याच्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं असतं. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट."

मग गाडी थंड होऊ दिली आणि टर्बो सोडवला. निकाल इथे लागला. इंजिनकडून टर्बोत येणाऱ्या वाटेवर, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, कोरडी काजळी होती. टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारी वाट मात्र ऑइलने ओली. इंजिनातून ऑइल येत असते तर आधीची वाटही ओली असती. याचा अर्थ रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह सील सगळे निर्दोष. ऑइल टर्बोतच उतरत होते.

आमच्या धंद्यातला एक दाखला इथे चपखल बसतो. थानावर तेलाचा डाग दिसला की आम्ही लगेच विणकराला दोष देत नाही. डाग ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा आला तर तो मागाच्या फिरत्या भागाचा. फक्त बाहेरच्या घडीवर असला तर गठ्ठ्याचा किंवा टेम्पोचा. डाग कुठून सुरू होतो ते आधी पाहायचे, मग भांडायचे. कापडाला लावलेला हा नियम आम्ही माणसाला लावला नाही.

उस्तादांनी टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. आडवा किंचित खेळ होता, तो ऑइलच्या थरासाठी असायचाच. पुढे-मागे खेळ जाणवला नाही आणि पंख्याची पाती कुठे घासलेली नव्हती. मग त्यांनी परतीची नळी काढली. नळीच्या तोंडाशी पॅकिंगसोबत लावलेले सिलिकॉन आत ओघळून घट्ट झाले होते. अर्ध्याहून अधिक वाट बंद.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "उस्ताद, ही चूक माझी. गळू नये म्हणून जास्त लावलं." उस्तादांनी एवढेच सांगितले, "गळती बाहेर दिसते बेटा, अडलेलं दिसत नाही. ड्रेनला कोरडं पॅकिंग लावायचं."

नळी साफ केली, नवे पॅकिंग लावले. इंटरकूलर आणि हवेचे पाइप उतरवून आतले ऑइल धुऊन काढले. हे महत्त्वाचे आहे. इंटरकूलरमध्ये ऑइल साठलेले राहिले तर दोष गेल्यावरही इंजिन ते ओढत राहते. टर्बो परत बसवताना त्यात आधी स्वच्छ ऑइल घातले, म्हणजे पहिल्या स्टार्टला दांडा कोरडा फिरणार नाही. सायलेन्सरमध्ये मुरलेले ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येत राहिला. पन्हाळ्याचा चढ दोनदा चढून उतरलो. दुसऱ्या दिवशी मागे बोट दाखवायलाही धूर नव्हता. सामानाचा खर्च दोन हजारांच्या आत. मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही.

एक धोका : स्वतःच्या ऑइलवर धावणारे इंजिन

हे आम्हांला उस्तादांनी बजावून सांगितले. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवेच्या पाइपात जास्त ऑइल उतरले तर इंजिन त्याच ऑइलवर आपोआप जोरात पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी गिअरची गाडी असेल तर ब्रेक पक्का दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन अडून बंद पडते. हवेच्या तोंडाशी हात कधीही नेऊ नये. ते शक्य नसेल तर लांब पळावे. गाडी परत मिळते, माणूस मिळत नाही. तेव्हा निळा धूर दिसत असताना "चालतंय तोवर चालवू" म्हणणे ठीक नाही.

नवीन बांधलेल्या इंजिनाविषयी

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत थोडा धूर येणे नवल नव्हे. जोडताना लावलेले ऑइल आणि सायलेन्सरमधले जुने ऑइल जळत असते. तो दिवसेंदिवस कमी झाला पाहिजे. वाढत गेला तर थांबून तपासावे. नव्या रिंगा लायनरला घासून बसायला मध्यम ओझे लागते. तासन्‌तास स्लो चालू ठेवलेल्या नव्या इंजिनचे लायनर आरशासारखे गुळगुळीत होतात आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. म्हणून सुरुवातीला वेग बदलता ठेवावा, इंजिनला फार ताणू नये आणि उगाच उभेही चालू ठेवू नये. पहिले ऑइल आणि फिल्टर लवकर बदलावेत. जोरात पळवून आणल्यावर लगेच चावी काढू नये. मिनिटभर स्लो चालू ठेवून टर्बोला थंड होऊ द्यावे.

कारागीर बांधवांसाठी : रिंगेवर खूण असेल ती बाजू वरच हवी. दुसरी रिंग उलटी पडली तर ती ऑइल खरवडून खाली आणण्याऐवजी वर नेते. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. लायनरला होनिंगच्या तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, कारण ऑइल तिथेच टिकते. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत. आणि सिलिकॉन बेताने.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्यामुळे त्यांचा धूर सहसा दिसतच नाही. पण ऑइल जळत असेल तर तो महागडा फिल्टर आतून भरत जातो. या गाडीत धूर पाहण्यापेक्षा ऑइलच्या काडीवर नजर ठेवावी.

पीयूसीचाही विचार करावा. बीएस-चारच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, बीएस-चारला ५०. प्रदूषणाच्या नियमभंगाबद्दलचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे.

हिशेब

काम देताना काय बदलायचे, कोणत्या कंपनीचे सामान घालायचे आणि किती किलोमीटरची हमी, हे कागदावर लिहून घ्यावे. जुने सामान मागून घ्यावे. दोष निघाला तर आधी ज्याने काम केले त्यालाच दाखवावे आणि तपासणी त्याच्यासमोर व्हावी. आमच्याकडे असा कागद नव्हता. म्हणूनच डुप्लिकेट रिंगांचा संशय आमच्या मनात इतक्या सहज शिरला. रिंगा अस्सलच होत्या.

राहिली टपरीवरची गोष्ट. ज्या चौघांत आम्ही मिस्त्रींचे नाव घेतले होते त्यांतल्या दोघांनी त्या आठवड्यात आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या होत्या. नव्या शेडचे भाडे ज्याच्या डोक्यावर आहे त्याला दोन गिऱ्हाइके म्हणजे काय, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. आम्ही चौघांकडेही गेलो आणि सांगितले की चूक एका पॅकिंगपुरती होती, ती त्याने स्वतः कबूल केली, आणि रिंगांविषयी आम्ही बोललो ते खोटे होते. एक गिऱ्हाईक परत आले. दुसरे अजून आलेले नाही. ते नुकसान आमच्या खात्यावर आहे. गाडीची पुढची सर्व्हिसिंग आम्ही त्याच शेडमध्ये केली, आणि या वेळी बिल लिहून घेतले.